हड्डी वॉर्डानं निवडलेली गाडी

शकूमावशी,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्या हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या सिस्टर आल्या होत्या. कुणी ड्यूटी बदलून, कुणी ड्यूटीवरून सरळ पांढऱ्या साडीतच. आपल्या आलमबागच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावली कशी, देव जाणे. देव जाणे म्हटलेलं तुला चालायचं नाही. बरं, कोण जाणे म्हणतो. भन्तेजींनी पंचशील दिलं, वर्ध्याहून आलेल्या आईनं तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलला. मला म्हणाले, मिलिंद, तू तर पोटच्या पोरासारखा राहिलास त्यांच्याकडे, दोन शब्द बोल. मी उठलो आणि पाण्याचा जग भरायला आत गेलो. जग भरलेलाच होता.

बोलणार काय? दहाच मिनिटांपूर्वी सिस्टर रोझम्मानं मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तिला एक उत्तर देऊन बसलो होतो. ते उत्तर तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन नाही. पण एकदम तिथं जायची हिंमत होत नाही. गाडीपासून सुरुवात करतो. आपलं सगळं भांडण त्या गाडीवरूनच तर होतं.

डिप्लोमा घेऊन मी लखनौला तुझ्याकडे आलो आणि चिनहटच्या कारखान्यात चिकटलो. आलमबाग ते चिनहट म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. दोन टेम्पो बदलायचे, आठ जणांच्या जागेत अकरा कोंबलेले, आणि माझ्या मांडीवर रोज कुणाचं तरी पोतं. वर्षभर काढलं तसंच. मग एके दिवशी जेवताना म्हणालो, "मावशी, मी मोटरसायकल घेतो." तू तोंडापर्यंत नेलेला घास परत ताटात ठेवलास.

हाडांच्या वॉर्डाची सिस्टर तू. सगळं हॉस्पिटल हड्डी वॉर्ड म्हणायचं त्याला. चोवीस वर्षं प्लास्टरं आणि वजनं लटकवलेल्या तंगड्या बघितलेली बाई हो कसली म्हणतेय, असं मी धरून चाललो होतो. भांडायची तयारी ठेवली होती. तू म्हणालीस, "घे. पण कोणती घ्यायची ते मी सांगीन. पंधरा दिवस थांब."

त्या पंधरा दिवसांत तू काय उद्योग केलास ते मला रोझम्माकडूनच कळलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. तू एकेका पेशंटच्या उशाशी जाऊन चौकशी करत होतीस. "भैया, कौन सी गाड़ी थी? कितने दिन से चला रहे थे? खड़ी गाड़ी पर एड़ी ज़मीन पर टिकती थी कि नहीं?" एक जण कळवळून म्हणाला म्हणे, "सिस्टर जी, पहले सुई तो निकाल लीजिए." तू सुई काढलीस आणि परत विचारलंस. वॉर्डातले संपले तेव्हा बरांड्यातल्या खाटांवरचे घेतलेस. लोक गाडी घेताना मायलेज विचारतात, पिकअप विचारतात. माझ्या मावशीनं मोडलेल्या पायांना विचारून गाडी ठरवली.

पंधराव्या दिवशी मेथी निवडता निवडता निकाल सांगितलास. "वेगात पडणारे कमी हायत रे. थांबताना पडतात, वळताना पडतात. गाडी जड, पाय पोचत नाही, गाडी कलंडते अन् पाय तिच्याखाली. दुसरे ते, की हप्ताभर झाला नाही शिकून अन् बायको-पोरं मागं बसवून निघाले सासुरवाडीले." म्हणून तुझ्या तीन अटी. गाडीवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, नुसती बोटं नाहीत. आडवी पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे. आणि पहिले सहा महिने मागं कुणालाही बसवायचं नाही, कुणालाही म्हणजे कुणालाही.

मी म्हणालो, "मावशी, तुझ्या वॉर्डात येतात ते सगळे पडलेलेच. जे पडलेच नाहीत, त्यांच्याकडे कोणती गाडी होती ते विचारलंस?"

तू हातातली काडी माझ्यावर रोखलीस. "त्याईले मी कुठं शोधू? तू येत जा रोज घरी न पडता, मग तुलेच विचारीन."

हा वाद आपण पुढं वीस वेळा घातला असेल. मुद्दा माझाच बरोबर होता, हे मी आजही सोडत नाही. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "असंन बाप्पा." तुझं 'असंन' म्हणजे साफ नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आता वाद घालायला समोर कोणी नाही, तर जिंकल्यासारखंही वाटत नाही.

मला हवी होती साडेतीनशे सीसीची धिप्पाड गाडी. कारखान्यातल्या तिवारीकडे तशी होती. तिचा आवाज आला की गेटवरचा दरबान सुद्धा सावरून उभा राहायचा. मी पाच फूट तीन इंच, पण असल्या गाडीवर बसलं की माणूस आपोआप उंच दिसतो अशी माझी समजूत. तिवारीला मी मुद्दाम बोलावून घेतलं, माझ्या बाजूनं चार शब्द टाकायला. आणि तू आम्हा दोघांना घेऊन गेलीस कुठं, तर शोरूमला नाही, चौराह्याजवळच्या उस्ताद मेकॅनिककडे. त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली तसलीच एक गाडी उभी होती. तू म्हणालीस, "भैया, ज़रा इसको लिटा दीजिए."

"लिटा दें?" उस्ताद बघतच राहिला. "सिस्टर जी, ये गाड़ी है, मरीज़ नहीं."

पण तुझ्यापुढं कुणाचं चाललंय? खाली दोन पोती अंथरून निजवली त्यानं. मी हँडल धरून जोर लावला. हलेना. सीटखाली हात घालून लावला, पाठ टेकवून लावला. तोंड लालबुंद झालं, गाडी ढिम्म. शेजारच्या ठेल्यावरचे लोक चहाचे ग्लास घेऊन तमाशा बघायला जवळ आले. तिवारी माझ्या बाजूनं बोलणार होता ना, तो हसून हसून खाली बसला. मग तू शंभर सीसीची एक बसकी गाडी निजवायला लावलीस, आणि ती मी एका दमात उचलली. तरी तुझं समाधान नाही. मला तिच्यावर बसवलंस आणि भररस्त्यात उकिडवी बसून माझ्या टाचेखाली बोट घालून बघितलंस. "टेकली," तू जाहीर केलंस. "हेच घ्यायची."

सोमवारी कारखान्यात माझं नवं नाव पडलेलं होतं. "ऐ हड्डी वॉर्ड, इधर आ." तिवारीचीच कृपा. पुढं सुपरवायझर सुद्धा तसंच हाक मारायला लागला. त्या नावाचा राग मी तुझ्यावर धरला, मावशी. किती दिवस धरला हे सांगायला लाज वाटते. अगदी शेवटपर्यंत.

गाडी घेतली चौदा एप्रिलला, तूच धरून बसली होतीस त्या तारखेवर. शोरूमवाला नारळ आणि चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आला. तू म्हणालीस, "नींबू से कोई बचता, तो मेरा वार्ड खाली होता." तो नारळ तसाच हातात धरून उभा. मग तू पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढलास आणि पहिला पेढा त्यालाच दिलास. माझ्या तोंडात पेढा कोंबलास तेव्हा तुझे डोळे भरले होते. मी मात्र बाजूच्या उंच गाडीकडे बघत होतो, असला कपाळकरंटा मी.

शिकवलं तिवारीनं, रेल्वेच्या मैदानावर, सकाळी सहाला. तू तुझी बँडेजची पिशवी घेऊन कडेला उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्याच दिवशी वाळूत घसरून पडलो, तर तू चपला टाकून धावत आलीस. मला वाटलं आता जवळ घेशील. छे! आधी बोटांनी नडगी चाचपलीस, मग गुडघा, मग मनगट, सगळं कसं क्रमानं. "हाड शाबूत हाय. ऊठ." आणि मी उठल्यावर पाठीत एक धपाटा घातलास, आणि तोच हात पाठीवर तसाच राहू दिलास. ते मला आवडलं होतं. तेव्हा म्हणालो काय, तर "मावशी, लोक बघतायत."

एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली. सांगायची राहिली असं नाही, मुद्दाम लपवली. ऑगस्टात चारबागला माझ्यापुढं टेम्पोवाल्यानं मध्येच करकचून ब्रेक मारला. मी ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली टाकले, आणि उभा राहिलो. नुसता उभा राहिलो, काही झालं नाही. माझ्या शेजारी एक उंच गाडीवाला होता, माझ्याच वयाचा. त्याचा पाय खाली पोचला नाही, तो गाडीसकट कलंडला. त्याला उचलून मीच रिक्षात घातलं. बहुतेक तुझ्याच वॉर्डात आला असेल, आणि तू त्याला विचारलंही असशील, एड़ी टिकती थी? त्या संध्याकाळी तू मला रोजच्यासारखं विचारलंस, "कुठं पडला-बिडला तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही." एवढंच. पुढचं सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस ना. दोन टाचांवर मी घरी आलो होतो, मावशी, तुझ्यामुळं आलो होतो, आणि मला ते तोंडातून काढवलं नाही.

आता तो रविवार.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. मी अंगणात गाडी पुसत बसलो होतो. तू बाहेर आलीस. मोरपंखी साडी नेसली होतीस, कडक इस्त्रीची, पदर पिनेनं पक्का केलेला. मला वाटलं विहारात निघालीस. तू जरा घुटमळलीस आणि म्हणालीस, "मिल्या, चिनहटले जाऊन यायचं काय? तुझा कारखाना मी अजून पाहिला नाही."

"मग ये की टेम्पोनं कधीतरी. दाखवतो."

"तुझ्या गाडीवर, म्हटलं."

मला सगळं आठवलं एकदम. पोत्यावर पडलेली गाडी, लोकांचे चहाचे ग्लास, ऐ हड्डी वॉर्ड. इतक्या महिन्यांनी संधी आली होती. मी फडकं खांद्यावर टाकलं, उभा राहिलो, आणि हुबेहूब तुझी नक्कल करत म्हणालो, "पहिले सहा महिने मागं कुणालाही बसवायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही! अजून अकरा दिवस राहिलेत, सिस्टर जी."

तू हसलीस. हसलीस असंच मला वाटलं. "बरं बाप्पा, खरं हाय तुझं," म्हणालीस आणि आत गेलीस. थोड्या वेळानं बाहेर आलीस तेव्हा घरातली साडी नेसली होतीस आणि डाळ निवडायला बसलीस. मी दिवसभर मजेत होतो. आता लपवत नाही, मजेतच होतो. दुसऱ्या दिवशी तिवारीला तिखटमीठ लावून सांगितलंसुद्धा, की काल मावशीला तिच्याच नियमात पकडलं. दोघं टाळ्या देऊन हसलो.

गुरुवारी कारखान्यात फोन आला. सिस्टर जी की तबीयत ठीक नहीं, आ जाओ. मी निघालो. तुझी चाळीसच्या वर न्यायची नाही अशी ताकीद होती, तर चाळीसनंच आलो. गर्दीत कुणाला कट मारला नाही, सिग्नल तोडला नाही. पोचलो तेव्हा तू गेली होतीस. ड्यूटी रूममध्ये चहाचा कप हातात होता तुझ्या, आणि बसल्या जागी मान टाकलीस, म्हणाले. साठनं आलो असतो तरी उपयोग नव्हता, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. बरं, ते मी मान्य करतो.

आणि आता रोझम्मा. काल ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला, आणि म्हणाली, "मिलिंद, उनको चिनहट कैसा लगा?"

मला कळेचना. "चिनहट?"

"अरे, उस संडे को गई थीं न तुम्हारे साथ, गाड़ी पर. उस हफ्ते मेरी नाइट चल रही थी, फिर मिलना ही नहीं हुआ. पूछना रह गया."

मग तिनं सांगितलं. तू कधीच, कुणाच्याच दुचाकीवर बसली नव्हतीस. भीती वाटायची तुला. "इतनी हड्डियाँ देखी हैं, मेरे से नहीं होगा," म्हणायचीस. दीड वर्ष तुझ्या घरात राहिलो मी, तू रिक्षानं जातेस नाहीतर पायी जातेस हे रोज बघत होतो, आणि का, हे एकदाही मनात आलं नाही. सप्टेंबरात एक दिवस तू तिला म्हणालीस, पोराचे सहा महिने भरत आले, त्याच्या मागं पहिली मीच बसणार. आणि मग तुम्ही दोघी रोज जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या सायकल स्टँडवर जायला लागलात. तिथं कंपाउंडरची मोटरसायकल उभी असायची. रोझम्मा हँडल धरून ठेवायची आणि तू साडी आवरून मागच्या सीटवर चढायचीस. उतरायचीस. परत चढायचीस. पहिल्या दिवशी चढलीस आणि डोळे गच्च मिटून घेतलेस म्हणे, गाडी तर जागची हललीसुद्धा नव्हती. चोपन्न वर्षांची बाई, भर दुपारी, आठवडाभर! शनिवारी तू रोझम्माला सांगितलंस, आता जमतंय, उद्याच विचारते त्याला. ती म्हणाली, अजून सहा महिने कुठं झालेत? तर तू म्हणालीस, "चौदा तारीख तक रुकूँगी तो ये हिम्मत चली जाएगी."

तर रोझम्मा मला विचारत होती, कैसा लगा. डोळे ओले आणि तोंडावर हसू. तिला काय सांगू मी, मावशी? की तू मोरपंखी साडी नेसून आलीस आणि मी तुझी नक्कल केली?

मी म्हणालो, "बहुत अच्छा लगा उन्हें."

"डरीं?"

"निशातगंज के पुल तक डरीं. मेरा कंधा पकड़े रहीं. फिर नहीं डरीं." आणि एकदा सुरू झालो तो थांबेचना. पॉलिटेक्निक चौराह्यावर तुला चहा पाजला म्हणालो. कारखान्याच्या गेटवर दरबानानं तुला नमस्ते केलं म्हणालो. परत येताना आपणहून म्हणालीस, थोडी जोरात चालव, असंही म्हणालो. रोझम्मानं दोन्ही हात जोडले आणि मागं वळून बाकीच्या सिस्टरना ओरडून सांगितलं, "बैठी थीं! शकुंतला बैठी थीं गाड़ी पर!" सगळ्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. आणि मग मला म्हणाले, मिलिंद, दोन शब्द बोल.

आता सगळ्या हड्डी वॉर्डाला वाटतंय की तू बसली होतीस. आईलाही तेच वाटतंय, काल रात्रभर मला निशातगंजच्या पुलाचं विचारत होती. खरं काय ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू नाराज झाली होतीस का गं त्या दिवशी? की आतून थोडं बरं वाटलं होतं, चला, सुटले आज? हेही मला आता कोण सांगणार? मला माफ कर असं लिहायला घेतो आणि खोडतो. माफ तर तू उभ्या उभ्या केलं असतंस, पाठीत एक धपाटा घालून. मला माफी नकोय. मला तो रविवार पाहिजे.

काल सहा महिने झाले, मावशी. आता कुणालाही बसवता येतं. त्या दिवशीसारखी दारात ये, घुटमळ हवी तेवढी. मी काही बोलणार नाही, नक्कल करणार नाही. परत एकदा विचार ना गं.